मनाचा वैद्य कोण?

पणजी शहरांत मांडवीच्या कांठीं, जुन्या सचिवालयाच्या वाड्याजवळ, ब्राँझचा एक पुतळा आहे. पायघोळ झगा घातलेला एक धर्मगुरु दोन्ही हात पुढें पसरून उभा आहे आणि त्याच्या हातांखालीं एक स्त्री भान हरपून मागें कलली आहे. रामचंद्र पांडुरंग कामत या शिल्पकाराचें हें काम. १९४५ सालीं तें तेथें उभें राहिलें. पुतळ्याकडे प्रथमच पाहणारा मनुष्य क्षणभर थबकतो. या हातांतून कांहीं तरी अदृश्य शक्ति वाहत असून तिच्यापुढें ती स्त्री निरुपाय झाली आहे, असेंच त्यास वाटतें. पुतळा ज्यांचा आहे ते आबे फारिया, बारदेशांतील कांदोळी गांवीं १७५६ सालीं जन्मलेले. नवल असें कीं, हा पुतळा पाहून जें मनांत येतें त्याच्या नेमकें उलट सांगण्यांत त्यांचीं अखेरचीं वर्षें खर्चीं पडलीं. शक्ति हातांत नाहीं, ती समोरच्या माणसाच्याच ठिकाणीं आहे, असें त्यांचें म्हणणें होतें.

दुःखानें खचलेलें, भयानें ग्रासलेलें मन पुन्हां सावरतें, तें कोणाच्या बळावर? वैद्याच्या, त्याच्या विद्येच्या, कीं त्या दुःखी जीवाच्या स्वतःच्या? मानसोपचाराचे जे अनेक पंथ गेल्या अडीचशे वर्षांत निघाले, त्यांचे ग्रंथ निराळे, परिभाषा निराळी, आणि आपसांतील भांडणें तर विचारूं नयेत इतकीं. तरी हा एक प्रश्न त्या सर्वांच्या मुळाशीं आहे. त्याचें उत्तर जसजसें बदलत गेलें, तसतशी वैद्याची बसण्याची जागा बदलली, त्याचा आवाज बदलला, आणि रोग्यास तोंड उघडण्यास किती अवकाश मिळावा तेंही बदललें. त्या बदलाची ही हकीकत आहे.

फ्रान्झ आंतोन मेस्मर हा व्हिएन्ना येथील वैद्य १७७८ सालीं पॅरिसला आला. सर्व विश्व एका सूक्ष्म द्रवानें भरलेलें आहे, शरीरांत त्याचा प्रवाह अडला कीं रोग होतो आणि तो मोकळा केला कीं रोग जातो, असा त्याचा सिद्धान्त. यास त्यानें प्राणिज चुंबकत्व असें नांव दिलें. त्याच्या दिवाणखान्यांत झांकण घातलेलें एक मोठें लांकडी पीप असे व त्यांतून लोखंडाच्या वांकविलेल्या सळया बाहेर आलेल्या असत. रोगी भोंवतीं बसून त्या सळया दुखऱ्या भागास लावीत. मंद प्रकाश, वाद्यांचे सूर, आणि मधून मधून स्वतः मेस्मरचें आगमन. कोणाला रडूं फुटे, कोणाला आकडी येई, आणि त्यानंतर पुष्कळांना बरेंही वाटे. सारें पॅरिस या पिपाच्या नादीं लागलें.

राजा सोळाव्या लुईनें १७८४ सालीं या प्रकाराची चौकशी करण्यास एक मंडळ नेमलें. अमेरिकेचा वकील बेंजामिन फ्रँकलिन, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए आणि ज्योतिर्विद बायी हे त्यांत होते. मेस्मरच्या एका शिष्यानें फ्रँकलिनच्या बागेंतील जर्दाळूच्या एका झाडांत चुंबकत्व भरलें. मग बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्यास बागेंतील दुसऱ्याच झाडांपाशीं एकामागून एक नेण्यांत आलें. चौथ्या झाडापाशीं मुलगा बेशुद्ध होऊन पडला. चुंबकत्व भरलेलें झाड तेथून दूरच होतें. द्रव वगैरे कांहीं नाहीं, हा सारा कल्पनेचा खेळ आहे, असा निकाल मंडळानें दिला. निकाल बिनतोड होता. मात्र एक प्रश्न त्या विद्वानांनीं विचारला नाहीं. नुसती कल्पना जर धडधाकट मुलास जमिनीवर पाडूं शकते, तर तीच कल्पना पडलेल्यास उठवूं शकणार नाहीं काय?

हा प्रश्न उचलण्याचें काम गोव्याच्या एका धर्मोपदेशकाकडे यावें, हा इतिहासाचा योगायोग. फारियांचे आईवडील विभक्त झाले. वडील धर्मगुरु झाले आणि आई मठांत गेली. पंधरा वर्षांचा मुलगा १७७१ सालीं वडिलांबरोबर लिस्बनला पोहोंचला, पुढें रोमला शिकला आणि १७८० सालीं त्यास धर्मगुरूची दीक्षा मिळाली. त्या काळाची एक आख्यायिका गोव्यांत घरोघर सांगतात. पोर्तुगालच्या राणीपुढें प्रवचन करण्यास हा तरुण उभा राहिला आणि दरबारी मंडळी पाहून त्याची जीभ टाळ्यास चिकटली. तेव्हां जवळच असलेल्या वडिलांनीं कोंकणींत हळूच म्हटलें, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ भीति तत्काळ गेली आणि वाणी मोकळी झाली. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यांतील मर्म खोटें नाहीं. आपल्या माणसानें आपल्या भाषेंत वेळेवर उच्चारलेले चार शब्द जें करून गेले, तें कोणत्याही पिपाला साधलें नसतें.

१७८८ सालीं फारिया फ्रान्सला गेले. राज्यक्रांतीची धामधूम त्यांनीं प्रत्यक्ष अनुभवली, मेस्मरपंथी मंडळींत वावरले, आणि १८१३ सालीं पॅरिसमध्यें क्लिशी रस्त्यावर स्वतःचीं व्याख्यानें व प्रयोग सुरू केले. त्यांची रीत अगदीं साधी होती. माणसास आरामखुर्चींत बसवावें, डोळे मिटून चित्त झोंपेवर एकाग्र करण्यास सांगावें, आणि मग एकाएकीं मोठ्यानें आज्ञा द्यावी, ‘झोंपा!’ पीप नाहीं, सळया नाहींत, द्रव नाहीं. या निद्रेस ते सजग निद्रा म्हणत. कोणाला ती लागे, कोणाला लागत नसे. आणि ती लागणें न लागणें हें प्रयोग करणाऱ्याच्या इच्छाशक्तीवर नसून समोरच्या माणसाच्या प्रकृतीवर व मनावर अवलंबून आहे, असें ते प्रत्येक वेळीं बजावून सांगत. आपल्या अंगीं कांहींही अलौकिक नाहीं, असें भर सभेंत सांगणारा हा कदाचित् पहिलाच चमत्कारी पुरुष असावा.

अशा माणसाचें जें व्हावयाचें तेंच त्यांचें झालें. मेस्मरपंथीयांना ते नकोसे झाले, कारण त्यांनीं द्रव नाकारला; धर्मनिष्ठांना ते संशयास्पद वाटले; आणि १८१६ सालीं पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची थट्टा करणारें एक प्रहसन झळकलें. प्रेक्षक पोट धरधरून हंसले आणि व्याख्यानांची गर्दी ओसरली. १८१९ सालीं त्यांच्या सजग निद्रेवरील ग्रंथाचा पहिला खंड बाहेर पडला, आणि त्याच वर्षीं पॅरिसमध्यें त्यांचा अंत झाला. पुढचे खंड कधींच निघाले नाहींत. त्यांचें नांव पुढें जगभर गेलें तें अलेक्झांडर ड्यूमाच्या कादंबरींतील एका कैद्याचें नांव म्हणून. मूळचा माणूस मात्र विस्मृतींत गेला.

विचार मात्र मेला नाहीं. मँचेस्टरचा शस्त्रवैद्य जेम्स ब्रेड यानें १८४१ सालीं एका फिरत्या मेस्मरपंथीयाचे प्रयोग पाहिले, स्वतः ते करून पाहिले, आणि १८४३ सालच्या आपल्या ग्रंथांत या अवस्थेस हिप्नॉटिझम हें नांव दिलें. मराठींत त्यासच संमोहन म्हणतात. त्याच सुमारास बंगालमध्यें हुगळी येथें जेम्स एस्डेल हा सरकारी डॉक्टर रोग्यांस मेस्मरच्या रीतीनें निजवून त्यांच्यावर मोठमोठ्या शस्त्रक्रिया करीत होता. ईथर व क्लोरोफॉर्म अद्याप प्रचारांत यावयाचे होते. एस्डेलचा १८४५ सालचा पहिला रोगी हुगळीच्या तुरुंगांतील एक कैदी होता. वेदना टळल्या हें मोठेंच उपकाराचें काम. तथापि ज्याच्या पायांत बेडी आहे तो आपल्या इच्छेनें झोंपला कीं धाकानें झोंपला, हें कोण सांगणार? सामर्थ्य कोणाचें, हा प्रश्न येथें एका नव्या आणि अवघड रूपांत उभा राहिला.

फ्रान्समध्यें १८८० च्या सुमारास या विषयावर दोन तट पडले. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयांत थोर मज्जाशास्त्रज्ञ शार्को हा हिस्टेरियाच्या स्त्रिया विद्यार्थ्यांपुढें आणून त्यांचें संमोहन करून दाखवी. संमोहन हें विकृत मज्जातंतूंचें लक्षण आहे असें त्याचें मत. उलट नान्सी येथील लिएबो नांवाचा वैद्य गोरगरिबांना निजवून ‘तुमचें दुखणें जात आहे’ असें शांतपणें सांगे आणि त्यांना बरें करी. तेथील प्राध्यापक बेर्नहाइम यानें त्याचें काम पाहिलें व १८८४ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, संमोहन म्हणजे सूचनेचा परिणाम. आणि सूचना घेण्याची शक्ति कमीअधिक प्रमाणांत प्रत्येक निरोगी माणसांतही असते. पुढें नान्सीचाच पक्ष टिकला. सूचनेच्या सिद्धान्ताचें श्रेय फारियांचें आहे, हें बेर्नहाइमनें मोकळ्या मनानें मान्य केलें.

आतांपर्यंत वैद्य बोलत होता आणि रोगी ऐकत होता. हा क्रम प्रथम उलटला तो व्हिएन्नामध्यें, आणि तो एका रोगी मुलीनें उलटविला. योसेफ ब्रॉयर या वैद्याकडे १८८० च्या अखेरीस बेर्टा पापेनहाइम नांवाची एकवीस वर्षांची तरुणी उपचारासाठीं आली. वडिलांच्या आजारपणांत रात्रंदिवस शुश्रूषा करतांना तिचें शरीर व मन दोन्ही कोलमडलीं होतीं. हात लुळा पडे, दृष्टि मंद होई, कधीं कधीं तर मातृभाषा विसरून ती फक्त इंग्रजी बोले. संध्याकाळीं अर्धवट गुंगींत ती मनांत सांचलेलें सारें ब्रॉयरला सांगे आणि हलकी होई. ऐन उन्हाळ्यांत एकदां कित्येक आठवडे पाण्याचा पेला ओठांस लावणें तिला अशक्य झालें. गुंगींत असतां तिला आठवलें कीं, आपल्या सोबतिणीचा कुत्रा पेल्यांतून पाणी पितांना आपण पाहिला होता, आणि शिष्टाचारापायीं ती किळस मनांतच गिळली होती. ती गोष्ट संतापानें बोलून झाल्यावर तिनें पाणी मागितलें आणि घटाघटा प्यायलें. या रीतीस तिनेंच दोन नांवें दिलीं. एक होतें बोलण्याचा उपचार. आणि थट्टेनें ठेवलेलें दुसरें, धुराडें साफ करणें.

ही कथा पुढें ‘ॲना ओ.’ या टोपणनांवाखालीं जगप्रसिद्ध झाली. तिचा शेवट मात्र प्रसिद्ध ग्रंथांत सांगितला होता तितका गोड नव्हता. १८८२ सालीं ब्रॉयरचे उपचार थांबले तेव्हां बेर्टा बरी झालेली नव्हती. त्याच वर्षीं तिला स्वित्झर्लंडमधील एका आरोग्यभवनांत ठेवावें लागलें, आणि पुढेंही कांहीं वर्षें तिचें दुखणें उलटत राहिलें. ती खरी सावरली ती कामानें. १९०४ सालीं तिनें जर्मनींत ज्यू स्त्रियांची संघटना स्थापली, १९०७ सालीं फ्रँकफुर्टजवळ निराधार मुली व कुमारी मातांसाठीं गृह काढलें, आणि १९३६ सालीं मृत्यूपर्यंत तें चालविलें. ज्या मुलीनें बोलण्याच्या उपचारास नांव दिलें, तिचें आयुष्य असें सांगतें कीं, बोलल्यानें मन मोकळें होतें खरें. त्या मोकळ्या जागेंत जगण्यास कांहीं तरी कारणही लागतें.

ब्रॉयरचा तरुण मित्र सिग्मुंड फ्रॉइड यानें १८८५ सालीं पॅरिसला शार्कोपाशीं व १८८९ सालीं नान्सीला बेर्नहाइमपाशीं जाऊन दोन्ही पंथ पाहिले होते. १८९५ सालीं ब्रॉयर व फ्रॉइड यांनीं हिस्टेरियावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत फ्रॉइडनें आपल्या एका स्त्रीरोग्याची हकीकत दिली आहे. तो सारखे प्रश्न विचारी, तेव्हां तिनें त्रासून सांगितलें कीं, हें कोठून आलें, तें कोठून आलें असें विचारीत बसूं नका. मला जें सांगावयाचें आहे तें सांगूं द्या. फ्रॉइडनें तें ऐकलें. हळूहळू त्यानें संमोहन सोडलें, आज्ञा सोडली, आणि रोग्यास कोचावर पडून मनांत येईल तें न गाळतां बोलण्यास सांगून तो स्वतः त्याच्या मागें, दृष्टीआड, बसूं लागला. हेंच मनोविश्लेषण. मात्र येथेंही एक मेख राहिली. रोगी बोले खरा. पण त्याच्या बोलण्याचा अर्थ काय, त्याच्या स्वप्नाचें बीज कोठें, हें ठरविण्याचा अधिकार वैद्याकडेच राहिला. आज्ञेचें सिंहासन गेलें आणि अर्थनिर्णयाचें आसन आलें.

हा अधिकार सर्वांनींच मुकाट्यानें मानला असें मात्र नाहीं. कलकत्त्यास डॉ. गिरीन्द्रशेखर बोस यांनीं १९२२ सालीं भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. फ्रॉइडशीं त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता आणि त्याच्या ७५ व्या वाढदिवसास, १९३१ सालीं, संस्थेनें त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ति भेट पाठविली होती. इतका स्नेह असूनही बोस यांनीं गुरूच्या प्रत्येक वचनास मान डोलविली नाहीं. मनांतील प्रत्येक इच्छेस तिच्या उलट अशी एक इच्छा जोडीला असते, आणि दोन्हींची ओळख पटली म्हणजे ओढाताण सुटते, असा त्यांचा स्वतंत्र सिद्धान्त होता. आपल्या भारतीय रोग्यांची घडण युरोपांतील रोग्यांसारखीच असेल असें गृहीत धरण्यास ते तयार नव्हते. त्यांच्याच प्रेरणेनें १९४० सालीं कलकत्त्यास लुंबिनी पार्क हें मनोरुग्णालय सुरू झालें.

पहिल्या महायुद्धानें या सर्व विचारांची कठोर परीक्षा घेतली. खंदकांतून परत आलेल्या हजारों सैनिकांची वाचा गेली होती, हातपाय थरथरत होते, रात्रीं किंकाळ्या फुटत होत्या. लंडनच्या एका रुग्णालयांत लुइस यीलंड हा डॉक्टर मुक्या झालेल्या सैनिकास अंधाऱ्या खोलींत नेई, दार बंद करी, आणि बोलूं लागेपर्यंत येथून बाहेर जातां येणार नाहीं असें सांगून त्याच्या घशास विजेचे झटके देई. वाचा परत येई. १९१८ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यानें तें अभिमानानें लिहिलें आहे. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयांतील डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स याची रीत अगदीं निराळी. हा पूर्वीं निलगिरीवरील तोडा लोकांत राहून त्यांच्या चालीरीतींवर १९०६ सालीं मोठा ग्रंथ लिहिणारा संशोधक. परक्याचें म्हणणें धीरानें ऐकण्याची संवय त्यास तेथेंच लागली असावी.

रिव्हर्सकडे एक अधिकारी आला. स्फोटांत आपल्या मित्राच्या देहाच्या चिंधड्या झालेल्या त्यानें पाहिल्या होत्या, आणि तेंच दृश्य रोज रात्रीं स्वप्नांत येई. तें विसरून जा, असें त्यास सर्वांनीं सांगितलें होतें, आणि विसरण्याच्या धडपडीनें तो अधिकच खंगला होता. रिव्हर्सनें त्यास विसरण्यास सांगितलें नाहीं. देहाची अशी दशा झाली त्या अर्थीं मित्रास मृत्यु तत्क्षणीं आला असला पाहिजे, त्यास वेदना भोगाव्या लागल्या नाहींत, एवढेंच त्यानें निदर्शनास आणलें. त्यानंतर स्वप्न आलें तें निराळें होतें. रणांगणावर जाऊन मित्राचा देह त्यानें पाहिला, परंतु पूर्वींची भीति वाटली नाहीं. तो त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला. दुःख नाहींसें झालें नव्हतें, पण तें आतां सोसण्याजोगें झालें होतें. यीलंडनें वाचा परत आणली. रिव्हर्सनें त्या माणसाला त्याचा मित्र परत दिला.

सत्तेचा मोह या क्षेत्रांतून कधींच पुरता गेला नाहीं. लिस्बनचे मज्जाशास्त्रज्ञ एगश मोनिश यांनीं १९२५ सालीं संमोहनाच्या इतिहासांतील फारियांचें स्थान दाखविणारा ग्रंथ लिहून त्या विस्मृत गोवेकरास न्याय दिला. आणि याच मोनिश यांनीं १९३५ सालीं मनोरुग्णांच्या मेंदूच्या पुढील भागांतील तंतु तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. तिच्यासाठीं १९४९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें त्या शस्त्रक्रियेनें जगभर किती जणांची उभारी व व्यक्तित्व हिरावून घेतलें हें दिसून आल्यावर ती टाकून देण्यांत आली. बरें होण्याचें बळ रोग्याच्या मनांत आहे असें सांगणाऱ्याचा चरित्रकार, रोग्याच्या मेंदूवर शस्त्र चालवितो. यापेक्षां मोठा विरोधाभास या इतिहासांत दुसरा नाहीं.

दरम्यान अमेरिकेंत एका निराळ्याच वाटेनें शोध चालू होता. वॉटसन व रेनर यांनीं १९२० सालीं एका तान्ह्या मुलास कर्कश आवाजाच्या साहाय्यानें उंदराची भीति वाटावयास लावली. भीति शिकवितां येते हें सिद्ध झालें. परंतु ती काढून टाकण्याची तसदी त्यांनीं घेतली नाहीं. ती घेतली मेरी कव्हर जोन्स या संशोधिकेनें. पीटर नांवाचा जेमतेम तीन वर्षांचा मुलगा सशास फार भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असतांना ससा पिंजऱ्यांतून दूरवर आणावा, आणि दर वेळीं थोडा थोडा जवळ न्यावा, असा क्रम तिनें ठेवला. शेवटीं पीटर एका हातानें खात दुसऱ्या हातानें सशास गोंजारूं लागला. १९२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या या छोट्या हकीकतीवर पुढें वर्तनोपचाराची सारी इमारत उभी राहिली. जोन्सबाईंनीं सशास किती जवळ आणावयाचें तें पीटरच्या चेहऱ्याकडे पाहून ठरविलें होतें, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

१९४२ सालीं कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें मार्गदर्शन व मानसोपचार यांवरील ग्रंथांत एका संपूर्ण उपचारांतील भेटी ध्वनिमुद्रित करून शब्दशः छापल्या. बंद खोलींत वैद्य काय बोलतो तें जगानें तेव्हां प्रथमच जसेंच्या तसें वाचलें. रॉजर्सनें ‘रुग्ण’ हा शब्द सोडून वकिलाकडे जाणाऱ्यासारखा ‘अशील’ हा शब्द घेतला. आपलें दुःख कोठें आहे आणि कोणत्या दिशेनें जावयाचें आहे हें त्या माणसासच अधिक ठाऊक असतें. उपचारकानें ढोंग न करतां, मनापासून आणि न्यायनिवाडा न करतां ऐकावें, म्हणजे तो आपली वाट स्वतः काढतो, असें त्याचें मत. यानंतर १९६० च्या दशकांत फिलाडेल्फियाचे ॲरन बेक यांनीं मनोविश्लेषणाची वाट सोडली. ‘मी कशाच्याही लायकीचा नाहीं’ असा विचार खिन्न माणसाच्या मनांत आपोआप उठतो. तो खरा आहे कीं खोटा, हें दोघांनीं मिळून पुराव्यानिशीं तपासावें, असा त्यांचा उपाय. वैद्य आणि रोगी आतां एकाच मेजाशीं शेजारीं शेजारीं बसले.

इतके पंथ झाले तेव्हां त्यांत श्रेष्ठ कोणता, हा प्रश्न ओघानेंच आला. १९७७ सालीं स्मिथ व ग्लास या दोन अमेरिकन संशोधकांनीं ३७५ अभ्यासांचे आंकडे एकत्र करून पाहिले. मानसोपचारानें सामान्यतः फायदा होतो हें त्यांतून स्पष्ट झालें. परंतु निरनिराळ्या पद्धतींच्या परिणामांत मोठा फरक दिसला नाहीं. या निष्कर्षावर आजही वाद चालतात, आणि कांहीं विशिष्ट विकारांना विशिष्ट पद्धति अधिक लागू पडते असेंही अनेकांनीं दाखविलें आहे. तथापि पंथाभिमानी मंडळींना विचारांत पाडणारी गोष्ट त्यांतून पुढें आली ती हीच कीं, ग्रंथ निराळे असले तरी, विश्वासाचें नातें, धीरानें ऐकणारा कान आणि उद्यांविषयींची आशा हीं बहुतेक सर्वांनाच समान असतात.

हें खरें असेल तर दुसराही एक प्रश्न निघतो. हा उपचार मोठ्या शहरांतील मोजक्या तज्ज्ञांच्याच हातीं राहावा काय? त्याचें एक उत्तर पुन्हां गोव्यांतूनच आलें. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९६ सालीं तेथें ‘संगत’ ही संस्था काढली. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक स्त्रीपुरुषांना शिकवून तयार करावें, आणि त्यांनीं आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या खिन्न माणसांशीं त्यांच्याच बोलींत बोलावें, अशी त्यांची योजना. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या २४ दवाखान्यांतील त्यांच्या चांचणींत सरकारी केंद्रांतील रोग्यांना या मदतीचा स्पष्ट लाभ दिसला. खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाहीं. २०१७ सालच्या दुसऱ्या चांचणींत १० आरोग्यकेंद्रांतील तीव्र औदासीन्याच्या ४९५ रोग्यांचा समावेश होता. तीन महिन्यांनीं, सहा ते आठ भेटींचा हा उपचार मिळालेल्यांपैकीं शेंकडा ६४ जण औदासीन्यांतून बाहेर आले होते. ज्यांना केवळ नेहमीच्या उपचाराची सुधारलेली व्यवस्था मिळाली, त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ३९ होतें. उपचार तरी काय? सुटून गेलेलीं रोजचीं कामें, गांठीभेटी, छंद हीं थोडींथोडीं पुन्हां हातीं घेण्यास साथ देणें, आणि अडचणींतून वाट काढण्यास मदत करणें.

याचा अर्थ तज्ज्ञांची वा औषधांची गरज संपली असा कोणी करूं नये. कित्येक मनोविकारांत औषधाविना गत्यंतर नसतें, आणि मनांत जिवाचें बरेंवाईट करण्याचे विचार घोळणाऱ्या माणसास तर विनाविलंब डॉक्टरांपर्यंत पोहोंचविलें पाहिजे. परंतु औषध देणाऱ्या हातालाही ऐकणारा कान लागतो, आणि तो कान शेजारच्या गांवांतील एखाद्या शिकविलेल्या बाईचाही असूं शकतो, हें गोव्यानें आंकड्यांनिशीं दाखविलें आहे.

कांदोळी गांवांतून एक मुलगा १७७१ सालीं लिस्बनला पोहोंचला आणि पुढें पॅरिसच्या विद्वानांस त्यानें सांगितलें कीं, शक्ति माझ्यांत नाहीं. ते हंसले. त्याच बारदेशांत व सासष्टींत आज एखादी कार्यकर्ती आरोग्यकेंद्राच्या बांकावर बसून समोरच्या बाईला विचारते, ‘सांग गे, या आठवड्यांत कायतरी करूंक जमलें?’ आणि उत्तराची वाट पाहते. त्या प्रश्नांत आज्ञा नाहीं, चमत्कार नाहीं, गूढ परिभाषा नाहीं. पणजीच्या त्या पुतळ्यापुढें उभें राहणाऱ्यानें, म्हणून, धर्मगुरूच्या पसरलेल्या हातांकडे पाहून झाल्यावर क्षणभर त्या कललेल्या स्त्रीकडेही नीट पाहावें. शिल्पकारानें तिला निश्चेष्ट दाखविलें आहे; फारियांच्या मतें सारें कार्य तीच करीत होती.